सीनेचा पूर आणि अनुदानाच्या चार फायली

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुरात आमची शेती, गोठा आणि मी चालवत असलेले किराणा दुकान, अशी घराच्या उत्पन्नाची तिन्ही साधने एकाच आठवड्यात पाण्याखाली गेली. त्यानंतर सरकारी मदतीसाठी जे अर्ज, पंचनामे आणि हेलपाटे करावे लागले, त्यांपैकी बहुतेक आता मार्गी लागले आहेत. त्या दिवसांत पैशाची चणचण तर होतीच, पण त्याहून जास्त त्रास झाला तो आता नेमके कोणाकडे जायचे, काय मागायचे आणि कोणता कागद दाखवायचा हे न कळण्याचा. जे आमच्यासारख्या परिस्थितीत असतील त्यांना थोडी तरी वाट दिसावी, म्हणून घडले तसे क्रमाने लिहीत आहे.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात सीनेच्या काठी आहे. ही नदी अहिल्यानगर जिल्ह्यातून येते आणि दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडल येथे भीमेला मिळते. उन्हाळ्यात तिच्या पात्रात पाणी शोधावे लागते. उजनीचे पाणी भीमा-सीना जोडकालव्यातून सोडावे, अशी निवेदने देणारे आम्ही लोक आहोत. त्यामुळे २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या सुमारास, वरच्या भागात अतिवृष्टी होऊन सीना-कोळेगाव धरणाचा विसर्ग वाढल्याचे निरोप येऊ लागले, तेव्हा पाणी गावात शिरेल असे जुन्या माणसांनाही वाटले नव्हते. ते शिरले. आम्ही सासूबाईंना आणि मुलांना घेऊन शाळेत गेलो. पाणी ओसरून दुकानाचे शटर उघडतो न उघडतो तोच २७-२८ सप्टेंबरला पुन्हा पाणी चढले, आणि पहिल्या पुरानंतर सुरू झालेले नोंदींचे काम गावात पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

दुसऱ्यांदा पाणी उतरल्यावर मी खराटा हातात घेतला, तेव्हा शेजारच्या वाडीतले एक गृहस्थ म्हणाले, "वहिनी, आधी फोटो काढा, मग झाडा." ऑक्टोबर २०२० च्या पुरात त्यांनी हे सगळे सोसलेले होते. त्यांचा हा एक सल्ला आम्हाला पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडला. मोबाइलवर ठिकाण, तारीख आणि वेळ छापणारा कॅमेरा मिळतो. तो घेऊन आम्ही दुकानाचा प्रत्येक फळीनिशी, गोठ्याचा, विहिरीचा आणि शेताच्या चारही बांधांवरून फोटो काढला. भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटली होती, तिच्याशेजारी माणूस उभा करून फोटो घेतला, म्हणजे उंची आपोआप कळते.

दुकानाचे दृश्य मात्र फोटोत मावण्यासारखे नव्हते. तूरडाळ फुगून पोती शिवणीवर उसवली होती, आट्याच्या पिशव्यांचे गोळे झाले होते आणि सगळ्यावर आंबूस वास बसला होता. साखरेची आणि मिठाची पोती मात्र आहे त्या जागी सपाट पडली होती, आत काहीच नव्हते. साखर विरघळून गेली आणि पोते तेवढे मागे राहिले. पंचनाम्याला येणाऱ्या माणसाला रिकामे पोते दिसते. त्यात पन्नास किलो साखर होती हे त्याला कसे दिसावे? म्हणून ती पोती फेकू नका. आम्ही ती मोजून, एकावर एक रचून ठेवली आणि सोलापूरच्या घाऊक व्यापाऱ्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरच्या बिलांच्या दुसऱ्या प्रती मागितल्या. आमच्याकडची बिले भिजून लगदा झाली होती, पण त्यांच्या संगणकात जीएसटीसह सर्व नोंदी होत्या आणि त्यांनी त्या कोणताही आढावेढा न घेता काढून दिल्या. नवरात्रातला माल भरलेला असल्यामुळे आकडा मोठा होता.

पंचनामा होईपर्यंत एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. 'पुराची मदत' ही एक रक्कम नसते. पिकाची वेगळी, जमिनीची वेगळी, जनावरांची वेगळी आणि दुकानाची वेगळी अशी ती असते. प्रत्येकीचा पंचनामा वेगळा, तो करणारा कर्मचारी वेगळा आणि पैसे येण्याची वेळही वेगळी. घरात पाणी शिरल्याबद्दलची तातडीची मदत आणि गहू-तांदूळ आधी मिळाले, त्यामुळे गावातल्या अनेकांचा समज झाला की आता सगळेच आपोआप येईल. तसे होत नाही. मी चार प्लास्टिकच्या फायली केल्या आणि प्रत्येकीवर मोठ्या अक्षरात पीक, जमीन, जनावरे, दुकान असे लिहिले. आधार, पासबुक, सातबारा, आठ-अ आणि रेशनकार्ड यांच्या प्रती चारही फायलींत ठेवल्या. जो अर्ज दिला त्याच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतली.

पिकाचा पंचनामा संयुक्त असतो. आमच्याकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणजे आपल्या बोलण्यातल्या तलाठी मॅडम, सहाय्यक कृषी अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी असे तिघे आले. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असले तरच मदत मिळते. आमच्या सोयाबीनच्या शेंगा झाडावरच उगवल्या होत्या आणि ऊस लोळून त्यावर गाळ बसला होता, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची मोबाइलवरून करायची नोंद, आम्ही ऑगस्टमध्येच केलेली होती आणि सातबाऱ्यावर ०.८० हेक्टर सोयाबीन व ०.६० हेक्टर ऊस अशी नोंद स्पष्ट होती. ज्यांची नोंद नव्हती त्यांना पीक कोणते होते इथूनच सिद्ध करावे लागले. ई-पीक पाहणी कंटाळा न करता वेळेवर करावी, एवढे मी कळकळीने सांगेन.

पीक विम्याबद्दलही इथेच सांगते. पूर्वी ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवा असे सांगितले जाई आणि अनेक जण या वेळीही त्याच घाईत होते. परंतु २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला विमा बंद झाला आणि स्थानिक आपत्तीची वैयक्तिक तक्रार देण्याची सोयही गेली. आता भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावरून, म्हणजे निवडक शेतांतले पीक कापून मोजलेल्या उत्पादनावरून ठरते. विमा आणि सरकारी अनुदान या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि एकाची वाट पाहत दुसरीकडे दुर्लक्ष करू नये.

जमिनीच्या पंचनाम्यावर मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण सर्वांत मोठा फरक तिथे पडतो. नदीलगत आमचा ०.४० हेक्टरचा पट्टा आहे. त्यात आम्ही चाऱ्यासाठी मका करत असू. पुराने त्यावरची माती पार ओढून नेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. त्याच्या वरच्या अंगाला मात्र गुडघाभर गाळ साचला होता. गाळ साचलेल्या जमिनीला केंद्राच्या निकषानुसार हेक्टरी १८,००० रुपये मिळतात, तर खरडून गेलेल्या जमिनीला ४७,००० रुपये. कर्मचाऱ्यांवर त्या दिवशी अनेक गावांचा भार होता. बांधावर उभे राहून पाहिले तर सगळीकडे गाळच दिसत होता आणि नोंदही तशीच होणार होती. माझे यजमान त्यांना चिखलातून पट्ट्याच्या टोकापर्यंत घेऊन गेले. तिथे कुदळ मारली की खणखणत होती. मॅडमनी लगेच मान्य केले आणि खरडून गेलेले क्षेत्र वेगळे लिहिले. आपण शेतात हजर नसतो तर हे घडले नसते. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा, गट क्रमांक, क्षेत्र आणि नुकसानीचा प्रकार नीट पाहावा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. फोटो काढू देण्यास आम्हाला कोणी हरकत घेतली नाही. मोटार, केबल आणि लिंबाच्या झाडाला गुंडाळून पडलेल्या ठिबकच्या नळ्या यांची नोंद मात्र कोणत्याही रकान्यात बसली नाही, त्यांचे काहीही मिळाले नाही.

आमच्या दोन गायींबद्दल लिहिणे मला अजूनही जड जाते. दावे तोडायला यजमान छातीभर पाण्यात गेले होते. एक गाय गोठ्यातच गेली, दुसरी सुटली पण प्रवाहात वाहून गेली. दुधाळ जनावराला ३७,५०० रुपयांची मदत आहे. जिचे शव होते तिचे शवविच्छेदन पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी केले, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक अहवालात लिहिला आणि ते प्रकरण सरळ पुढे गेले. वाहून गेलेल्या गायीचा ना बिल्ला दाखवता येत होता, ना शव. बिल्ल्याचा क्रमांक पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या लसीकरणाच्या नोंदीत सापडला. त्याच्या जोडीला दूध संकलन केंद्राच्या दहा-दहा दिवसांच्या पावत्या आणि सरपंच, पोलीस पाटील यांच्यासमोर झालेले पंचांचे जबाब जोडले. तिची रक्कम अद्याप मंजूर झालेली नाही. ज्यांच्याकडे जनावरे आहेत त्यांनी प्रत्येक बिल्ल्याचा स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

राज्य सरकारने ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी ८,५००, बागायतीसाठी १७,००० आणि बहुवार्षिक पिकांसाठी २२,५०० हे मूळ दर होते. त्यावर रब्बीच्या बियाण्यासाठी व इतर खर्चासाठी हेक्टरी १०,००० अधिक देण्याचे ठरले आणि क्षेत्राची मर्यादा दोनऐवजी तीन हेक्टर झाली. बातम्यांमध्ये दोन्ही रकमा एकत्र करून १८,५००, २७,००० आणि ३२,५०० असे आकडे सांगितले जात होते. त्यामुळे पहिला हप्ता आल्यावर कमी पैसे आले म्हणून गावात फार गोंधळ उडाला. वास्तविक रब्बीची रक्कम स्वतंत्रपणे नंतर येणार होती आणि आमच्याकडे ती तशीच आली.

मदत दिवाळीपूर्वी मिळेल असे सांगितले गेले होते. आमच्या सातबाऱ्यावर यजमानांचे आणि पुण्याला असलेल्या भाऊजींचे अशी दोन नावे आहेत, निम्मा-निम्मा हिस्सा. यजमानांचा शेतकरी ओळख क्रमांक, ज्याला सगळे फार्मर आयडी म्हणतात, उन्हाळ्यातच काढलेला होता. तो असलेल्यांना ई-केवायसी करावी लागली नाही, रक्कम थेट आधारशी जोडलेल्या खात्यात आली. लक्ष्मीपूजनाच्या आधी यजमानांच्या मोबाइलवर संदेश आला तो ३,९१० रुपयांचा. आमच्या हिशेबाने ८,५०० यायला हवे होते. घरात कोणी काही बोलले नाही. सासूबाईंनी तेवढ्यातच पणत्या आणि तेल आणायला सांगितले.

दिवाळी झाल्यावर ग्रामपंचायतीत लावलेली यादी मी स्वतः वाचली, तेव्हा उलगडा झाला. सोयाबीनचे ०.८० हेक्टर बरोबर होते, पण उसाचे ०.६० ऐवजी ०.०६ हेक्टर चढले होते. शेकडो नावे भरताना असे होणे मी समजू शकते; तरी ज्याच्या घरात ती चूक येते त्याला ती फार महाग पडते. पंचनाम्याचा फोटो आमच्याकडे असल्यामुळे तो जोडून लेखी हरकत दिली. दुरुस्ती तलाठ्यांच्या लॉगिनमधून होऊन तहसीलदारांच्या मंजुरीला जाते आणि मग पुढच्या यादीत नाव येते, असे आम्हाला सांगण्यात आले. उरलेले ४,५९० रुपये थंडी सुरू झाल्यावर आले. यादी लागली की ती प्रत्यक्ष जाऊन वाचावी आणि केवळ नाव आहे एवढ्यावर समाधान न मानता क्षेत्राचा आकडा पाहावा.

भाऊजींकडे शेतकरी ओळख क्रमांक नव्हता. त्यांच्या हिश्शाच्या रकमेसाठी यादीत त्यांच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक आला, त्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अंगठा लावून ई-केवायसी करायची असते. त्यासाठी गावी येण्याची गरज नाही हे त्यांना माहीत नव्हते. पुण्यातल्याच केंद्रावर सुटीच्या दिवशी त्यांचे काम झाले आणि छापील प्रतीचे दहा रुपये सोडून काहीही द्यावे लागले नाही. तिथे खाते क्रमांक दाखवला जातो तो नीट पाहावा. पैसे आपण सांगू त्या खात्यात नव्हे, तर आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. आमच्या आळीतल्या एका आजींचे पैसे आले नाहीत म्हणून सगळे कष्टी झाले होते. ते मुलाने कधीतरी उघडून दिलेल्या आणि विस्मरणात गेलेल्या खात्यात सुखरूप पडलेले सापडले.

रब्बीचे हेक्टरी दहा हजार आणि खरडलेल्या जमिनीचे १८,८०० रुपये दोन्ही भावांच्या खात्यांवर निम्मे-निम्मे जमा झाले. यजमानांच्या बँकेने मात्र पीककर्ज थकीत आहे असे सांगून खात्यावर होल्ड लावला. बँकेचे नाव मी लिहीत नाही. अनुदान कर्जाच्या वसुलीत वळते करू नये असे शासनाच्या आदेशात स्पष्ट असते, आणि पूरग्रस्त तालुक्यांत शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती व कर्जाचे पुनर्गठन या सवलतीही जाहीर झालेल्या होत्या. आम्ही शासन निर्णयाची प्रत छापून, त्या ओळीखाली रेघ ओढून, अर्जासोबत जोडली आणि पोच मागितली. तोंडी सांगत होतो तोवर उद्या या, परवा या असे चालले होते. लेखी अर्ज दिल्यावर होल्ड निघाला.

दुकानाचे काम सर्वांत लांबले. दुकानदाराला मिळणाऱ्या मदतीची कमाल मर्यादा ५०,००० रुपये आहे; माझे नुकसान त्याच्या तिपटीहून अधिक होते. दुकान अधिकृत आहे हे दाखवावे लागते. वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला शॉप ॲक्टचा परवाना लागत नाही, ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यावी लागते. ती आणि अन्न सुरक्षा नोंदणी मी बचत गटाचे कर्ज घेताना केलेली होती. त्यांच्यासोबत रेशनकार्ड, मतदार यादीतले नाव, दुकानाचे वीजबिल, घाऊक व्यापाऱ्याची बिले आणि फोटो दिले. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना दोनदा वेगवेगळे कागद कमी असल्याचे सांगण्यात आले. तेव्हा मी काय काय लागते ते एकदाच लिहून द्या अशी विनंती केली. तिथल्या एका लिपिक ताईंनी कोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात यादी लिहून दिली. त्यानंतर काम अडले नाही. जानेवारीत ५०,००० रुपये जमा झाले. त्यांतले बरेचसे फळ्या, फ्रिजची दुरुस्ती आणि थकलेले गटाचे हप्ते यांत गेले. उरलेल्यातून माल भरला.

इथे मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आमच्या स्टॅन्डवर भज्यांचा गाडा लावणाऱ्या एक विधवा बाई आहेत. त्यांची शेगडी, कढई, गाडा सगळे गेले, पण नोंदणीचा एकही कागद नसल्यामुळे त्यांचे नाव पहिल्या यादीत आले नाही. त्यांचा व्यवसाय सगळे गाव रोज डोळ्यांनी पाहत होते. गावातल्या बायकांनी मिळून ग्रामपंचायतीकडून त्या तिथे व्यवसाय करतात असा दाखला काढला आणि पुरवणी पंचनाम्यासाठी अर्ज दिला आहे. ज्यांच्याकडे कागद कमी असतात त्यांनाच मदतीची सर्वांत जास्त गरज असते, हे नियम करणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे. माझ्या मैत्रिणींना माझे सांगणे आहे की, व्यवसाय कितीही लहान असो, उद्यम नोंदणी मोफत होते आणि मोबाइलवर होते. ती आजच करून ठेवा.

झेरॉक्स, फोटोंच्या प्रती, एसटीचे भाडे आणि बुडालेले रोजगार धरून आमचे अडीच-तीन हजार रुपये खर्च झाले. टक्केवारीवर काम करून देतो म्हणणारी माणसेही गावात येऊन गेली. आम्ही कोणाला पैसे दिले नाहीत आणि त्यावाचून आमचे काही अडले नाही.

आता राहिले आहे ते जमिनीचे मुख्य काम. खरडून गेलेली जमीन पुन्हा उभी करण्यासाठी रोजगार हमी योजनेतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतचे काम मंजूर होते, ते पैसे खात्यात येत नाहीत. त्यासाठी जॉबकार्ड, ग्रामसभेचा ठराव आणि तांत्रिक सहायकाने केलेले अंदाजपत्रक लागते. आमच्या गावात अशा सगळ्या शेतकऱ्यांनी एकत्र अर्ज दिले, त्यामुळे मोजमापाला अधिकारी एकदाच येऊन सर्व पट्टे पाहून गेले. आमचे अंदाजपत्रक झाले आहे, प्रशासकीय मंजुरी बाकी आहे. तलावातला गाळ उचलण्याच्या परवानगीचा अर्ज यजमानांनी त्याच वेळी दिला, कारण मंजुरी आली आणि माती कुठून आणायची हे ठरलेले नसले तर पावसाळा येऊन ठेपेल. मृगाच्या आधी पट्ट्यावर माती पडली, तर या खरिपात तिथे ताग पेरून गाडायचा आणि पुढच्या वर्षी मका घ्यायचा, असे आम्ही ठरवले आहे.